एका टेबलासाठी दोन प्रोसेसर

व्याह्यांनी आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मालवाहू ऑटोतून आणला, तेव्हाच मी ओळखलं की ही बोलणी सरळ पार पडायची नाहीत. सालेकशाहून माझ्या बहिणीच्या गावापर्यंत, म्हणजे पार बोदलकशाच्या तलावाजवळ, यादोराव त्या गोधडीवर हात ठेवून बसले होते. खड्डा आला की थोपटायचे. स्वतःची बायको रुक्माबाई मात्र मागे, ऑटोच्या पत्र्याला धरून. तिला कोणी थोपटलं नाही.

मी दुधराम. रश्मीचा मामा. तिचे वडील गेल्यापासून त्या घरातलं लग्नकार्याचं बोलणं माझ्याकडे असतं, आणि मी ते चोख करतो असं माझं मत आहे. माझी बहीण अल्का, रश्मीची आई, फारसं बोलत नाही, त्यामुळे तिचं मत मला माहीत नाही. बाकी मी अडाणी माणूस नाही. तीस वर्षं शंकरपटात घड्याळ माझ्या हातात आहे. बैलजोडी सुटल्यापासून निशाण ओलांडेपर्यंत किती सेकंद लागले, ते मी सांगायचं आणि पाच हजार माणसांनी ऐकायचं. मधली काही वर्षं पट बंद होते, तेव्हाही मी घड्याळाचा सेल वेळच्या वेळी बदलत होतो.

तर साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधीची ही शेवटची बैठक. मुलगा राजदीप, चांगला मुलगा, गोंदियात एका इंजिनियरच्या ऑफिसात कामाला. तारीख ठरली होती. लग्न विहारात, हे ठरलं होतं. जेवणात काय, किती माणसं, कोणाला बोलवायचं आणि कोणाला मुद्दाम बोलवायचं नाही, सगळं ठरलं होतं. घोडं अडलं ते टेबलापाशी.

झालं असं की राजदीप आणि रश्मी दोघांचा धंदा एकच. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, याची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची. रश्मी तिरोड्याच्या ठेकेदारांना अशी चित्रं करून देते. राजदीप ऑफिसातून घरी आला की चालती चित्रं करतो, म्हणजे दारातून आत शिरून सगळं घर फिरून दाखवणारी. लग्नानंतर दोघं गोंदियात भाड्याच्या एका खोलीत राहणार. दहा बाय बारा. आंदणाचं सगळं सामान लावल्यावर तिथे कॉम्प्युटरचं टेबल एकच बसतं. दोघांचे कॉम्प्युटर दोन. आता बोला.

यादोराव बोलले. "आमचा वर्कस्टेशन व्हय. नागपूरच्या कंपनीच्या लिलावातला. अठ्ठावीस कोर हायेत त्याच्या प्रोसेसरात! पोरीच्यात किती? सहा. सहाचा कायले वागवता? इकून टाका. तिले काम राहिलं तं पोरगा झोपल्यावर करन आमच्यावर."

रश्मी पाण्याचे पेले घेऊन आली होती. तिने ताट खाली ठेवलं. माझी भाची रागावली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, आणि मग मला भीती वाटते.

"म्हंजे मी रात्री बारानंतर काम करू?" ती म्हणाली.

"मले तं दोनी चालते," राजदीप पुटपुटला.

"तू चूप," यादोराव म्हणाले.

"मंग पाहूनच घ्या," रश्मी म्हणाली. "दोनी बाजूबाजूले लावा. माया हारला तं मी इकून टाकीन, एका शब्दानं बोलनार नाई. तुमचा हारला तं टेबल माया."

यादोरावांनी मांडीवर थाप मारली. त्यांना हेच हवं होतं. उगाच का गोधडी आणली होती? आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण बाराही तालुक्यांत घड्याळवाला एकच. आपल्या जिल्ह्यात तालुके आठ आहेत हे मला ठाऊक आहे. मी शेजारचेही धरले.

माझी पद्धत अशी की पळायच्या आधी जनावर पाहून घ्यायचं. ओसरीवर चौरंग आणि बाजेवर फळी टाकून दोन्ही कॉम्प्युटर मांडले, आणि मी डब्यांचे बाजूचे पत्रे काढायला लावले. झूल काढल्याशिवाय बैल कळत नाही. यादोरावांचा डबा बावीस किलोचा, आत पंखेच पंखे. रश्मीचा लहान, तिने स्वतः भाग आणून जोडलेला.

"वय किती?" मी विचारलं.

"आठ," राजदीप म्हणाला.

"जुळलेला हाय. सगळे दात आलेले. अन् चाल?"

"दोन गिगाहर्ट्झच्या थोडा वर."

"तुया गं, बाई?"

"दीड वर्षाचा. चाल चारची. जोर आला का पाचवर जाते."

कोर म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारी डोकी आणि गिगाहर्ट्झ म्हणजे एकेक डोकं किती भराभर चालतं, एवढं मला दोघांनी समजावून दिलं. एवढं कळल्यावर आणखी काय कळायचं राहतं? मी निदान सांगून टाकलं. "यादोराव भाऊ, तुमचा नांगराचा हाय. पोरीचा पटाचा."

यादोरावांचं तोंड उतरलं. "आमच्याले नांगऱ्या म्हनता?"

"नांगराचा नसला तं पटाच्या बैलाले खाऊ कोन घालते?" मी म्हणालो. हे मी समजूत घालायला बोललो होतो, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. काही लोकांना कौतुक ओळखता येत नाही.

पळवायचं काय, यावर अर्धा तास गेला. शेवटी रश्मीने त्या गोंदियाच्या खोलीचंच चित्र दिलं. भिंती, खिडकी, आंदणाचं सगळं सामान तिने मापं घेऊन आधीच त्यात बसवलं होतं. तीच फाईल दोन्हीकडे घातली. चित्र दाखवणारं कार्ड म्हणून जे काही असतं, ते दोन्हीत सारखंच साधं आहे, असं राजदीपने शपथेवर सांगितलं. म्हणजे झुंज प्रोसेसरचीच. पहिल्या फेरीत फाईल उघडायची आणि खोली चहूबाजूंनी फिरवून दाखवायची.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, वर धरला आणि खाली पाडला.

रश्मीची फाईल आठ सेकंदांत उघडली. वर्कस्टेशनला तेवीस लागले. तेवीस सेकंदांत आमच्याकडे जोडी पळून, पाणी पिऊन, मालक भांडून मोकळा होतो. रश्मीने खोली फिरवली, ती भिंगरीसारखी फिरली. राजदीपने फिरवली, तर ती जरा फिरायची, थांबायची, पुन्हा जरा फिरायची.

"अठ्ठावीस हायेत ना?" यादोराव ओरडले. "मंग काऊन अडकून राह्यला?"

"हे काम एकावेळी एकच कोर करते, बाबा," राजदीप म्हणाला. "बाकीचे सत्तावीस बसून राह्यतात."

"बसून काऊन राह्यतात?"

"त्यायले वाटून देता येत नाई हे काम."

मला ते चटकन पटलं. रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर मी हेच बघत आलो आहे. एक खणतो, बाकीचे त्याला सांगतात. आणि खणणारा जर संथ असला, तर सांगणारे कितीही असोत, बंधारा पुढच्या वर्षीच व्हायचा.

पहिली फेरी रश्मीची. मी जाहीर केलं. रश्मी हसली नाही. तिला माहीत होतं पुढे काय आहे.

दुसरी फेरी यादोरावांनी मागितली: रेंडर. म्हणजे पक्कं चित्र काढायचं. ऊन खिडकीतून कसं येईल, आलमारीची सावली कुठवर पडेल, स्टीलच्या डब्यावर काय चमकेल, या सगळ्याचा हिशेब करून कॉम्प्युटर चौकोन चौकोन करत चित्र भरत जातो. दुपट्टा पडला, आणि सांगतो तुम्हाला, त्या नांगऱ्याने जी माती उपसली! पडद्यावर एकदम अठ्ठावीस चौकोन भरू लागले. रश्मीच्याकडे सहा. तिचे चौकोन एकेक करून पटापट होत होते, पण सहा ते सहाच. हे काम वाटून देता येत होतं, आणि वर्कस्टेशनमध्ये सगळेच्या सगळे खणत होते.

पंखे असे घोंघावले की शेजारच्या परसातल्या कोंबड्या अल्काच्या परसात आल्या. ओसरीवरचा बल्ब मंद झाला. यादोरावांनी डब्याला हात लावून पाहिला आणि कासावीस झाले. "तापला गा! तापला!" म्हणत ते आत पळाले. पटातली जोडी तापली की अंगावर पाणी मारतात, हे लहान मूलही सांगेल. ते बादली घेऊन बाहेर आले.

राजदीपने जी किंकाळी फोडली, ती मी त्या पोराकडून कधी अपेक्षिली नव्हती. तो बाप आणि डबा यांच्या मधोमध आडवा झाला आणि अर्धी बादली त्याने अंगावर घेतली. त्या क्षणी मला जावई पसंत पडला. बाकीची अर्धी मला मिळाली. घड्याळ मी वर धरलं होतं म्हणून वाचलं.

वर्कस्टेशनने अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत चित्र पुरं केलं. रश्मीच्याला एकोणीस मिनिटं पाच सेकंद लागले. यादोराव ओल्या ओसरीवर नाचले. वयाच्या मानाने बरे नाचले. मी निकाल सांगितला, तसा सांगावाच लागतो. दोघांची एकेक फेरी.

रश्मी माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर चुकवली. तिसरी फेरी कसली घ्यायची, यावरच सगळं ठरणार होतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. फाईल फिरवायची म्हटली तर टेबल पोरीचं. रेंडर म्हटलं तर टेबल पोराचं, आणि पोरीने बारानंतर, तो झोपल्यावर. यादोराव म्हणाले, रेंडर. मी म्हणालो, फिरवणं. ते म्हणाले, तुम्ही मामा आहात, तुम्ही पक्षपाती. मी म्हणालो, मी तीस वर्षं... आणि ते म्हणाले, ऐकलं. भांडण चांगलं रंगात आलं होतं.

तेवढ्यात रुक्माबाईंचा आवाज आला. त्या सकाळपासून अल्काबरोबर मासे साफ करत बसल्या होत्या. आता हात धुऊन वर्कस्टेशनच्या पडद्यापुढे उभ्या होत्या. पक्कं झालेलं चित्र तिथे होतं, फोटोसारखं स्वच्छ.

"हे पोरायची खोली व्हय?"

"हाव," राजदीप म्हणाला.

"मंग मानसं कुठून चालतीन?"

आम्ही सगळे पडद्यापुढे जमलो. दिवाण होता. दोन दारांची आलमारी होती. माणसाएवढा कूलर होता. व्याह्यांनी कबूल केलेलं ड्रेसिंग टेबल होतं, त्याच्या आरशात कूलर पुन्हा दिसत होता. आणि समोरची सगळी भिंत भरून, सहा फूट लांब, सागवानी, काचेच्या दारांची, आत लाईट लावलेली, माझी शोकेस होती. मामाचं आंदण. आमगावच्या टिंकू मिस्त्रीकडे मी ती दोन महिन्यांपूर्वी करायला टाकली होती. चित्रात ती इतकी सुंदर दिसत होती की मला भरून आलं.

"हे माही," मी सांगितलं.

"याच्यात काय ठेवाचं?" रुक्माबाईंनी विचारलं.

"कपबश्या."

"पेवाले?"

"पेवाले नाई. दाखवाले."

"कोनाले? सोयरा आत आला तं उभा कुठं राहीन?"

रुक्माबाई रश्मीकडे वळल्या. "बाई, तुया त्या डब्यावर सामान सरकवता येते?"

"येते," रश्मी म्हणाली आणि तिच्या कॉम्प्युटरपुढे बसली.

मग जे झालं त्याला फेरी म्हणता येणार नाही, कारण माझा दुपट्टा ओला होता आणि मला कोणी विचारलंही नाही. रुक्माबाई म्हणायच्या, कूलर खिडकीत टांग. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, कूलर खिडकीत. आलमारी दाराआड ने. गेली. हा आरसा आमच्याकडचा व्हय ना, काढ, थोबाड पाहाले हातातला पुरते. निघाला. यादोरावांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. खोली मोकळी होत गेली. आता दिवाणावरून उतरून दारापर्यंत माणूस न अडखळता जाऊ शकत होतं. राजदीपचं टेबल एका कोपऱ्यात नीट बसलं. दुसऱ्या टेबलाला जागा उरेना. उरेना, कारण एक अख्खी भिंत शोकेसने धरली होती.

रश्मीने माऊसवरून हात काढला.

"मामाजी, हे तुमची हाय," ती म्हणाली. "हिले मी हात नाई लावनार."

आता खरं सांगतो, मला राग आला. सगळ्यांचा आला. मी म्हणालो, "हे शोकेस इथंच राहीन! अल्काच्या लग्नात आमच्याच्यानं शोकेस देनं झालं नाई. बारा वर्षं तिच्या सासूनं तिले आयकवलं. भिकाऱ्याची पोरगी आनली म्हने, भिंत उघडीच राह्यली म्हने. मी तेव्हाच मनाशी ठरवलं का भाचीच्या लग्नात सहा फुटाची देईन. कोनी काई बोलाले जागा नाई ठेवनार."

मी पुरुष माणूस, पंच, आणि ओल्या धोतरात उभा राहून कपाटासाठी रडायच्या बेतात होतो.

अल्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"दादा, मले शोकेस नोती पाहिजे."

"काय?"

"माही शिलाई मशीन आठोते का? लग्नात तूच गाडीत घालून आनली होती. मी तिरोड्याले जाऊन कोर्स केला होता. इथं आली तं घरात जागा नाई म्हने. दोन दिवस गुरायच्या कोठ्यात ठेव, मंग आत घेऊ म्हने. मी दोन दिवस वाट पाह्यली. मंग तिच्यावर कोंबड्या बसाले लागल्या. मंग मी पाहाले जानं सोडलं."

ती मशीन मीच पोचवली होती. कोपऱ्याला लागू नये म्हणून खाली भाताची तणस घातली होती. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी या घरी येतोय, पंगतीला बसतोय, सासू काय बोलली ते ऐकून दात-ओठ खातोय, आणि एकदाही विचारलं नाही की अल्के, तुझी मशीन कुठे आहे. भिंत उघडी राहिली याचंच मला दुःख. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मी पडद्याकडे वळलो.

"काढ," मी रश्मीला म्हणालो.

"मामाजी, पक्कं?"

"काढ म्हनतो ना! मिस्त्रीले मी सांगतो."

तिने बोट दाबलं आणि सहा फूट सागवान गेलं. घड्याळ माझ्या हातात होतं, पण एवढं कमी मोजणारं घड्याळ अजून मी घेतलेलं नाही. त्या भिंतीला, खिडकीजवळ, रश्मीने दुसरं टेबल ठेवलं आणि त्याच्यावर आपला लहान डबा. कोपऱ्यात वर्कस्टेशन. मधून माणसाला जायला हातभर वाट.

"हे पक्कं चित्र मी काढून देतो," राजदीप म्हणाला, आणि ओल्या शर्टानेच आपल्या मशीनपुढे जाऊन बसला. "मायावर लवकर होईन."

"पन जिंकलं कोन?" यादोराव विचारत राहिले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "दुधराम भाऊ, निकाल सांगाच लागन. पंच हा तुमी."

"शोकेस हारली," मी म्हणालो. "जेवाले चला."

यादोरावांनी आपली गोधडी उचलली, त्या गोधडीनेच ओसरी पुसली आणि हात धुवायला गेले. मासे थंड होऊ लागले होते. मी टिंकू मिस्त्रीला फोन लावला, तो म्हणाला काच बसवून झाली, मी म्हणालो तुझ्या घरी बसव, तो म्हणाला माझ्या घरी जागा नाही. त्याच्याशी भांडत मी ओसरीवर फिरत होतो, म्हणून मला पुढचं दिसलं.

अल्का झारा खाली ठेवून रश्मीच्या मागे येऊन उभी राहिली होती. बराच वेळ ती त्या खिडकीजवळच्या टेबलाकडे बघत होती.

"खुर्ची नाई ठेवली?" ती म्हणाली.

"खुर्ची नंतर घेऊ, आई. टेबल तं झालं."

"आत्ताच ठेव. रिकामं टेबल दिसलं का लोकं त्याच्यावर कपडे ठेवतेत."

रश्मीने खुर्ची ठेवली. अल्काने ती थोडी आत सरकवायला सांगितली, मग अजून थोडी, आणि मग ती जेवण वाढायला गेली.